पहिल्या पंगतीचं वरण

"समुद्राचा आणि आपला संबंध काय?" असं कुणी विचारलं की ज्योत्स्ना सोनकांबळेचं डोकं फिरायचं. आणि त्या वर्षी हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला तो तिच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आलं होतं. विषय होता सागरी जीवन. विरूपाक्ष गुरुजींनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि हसत म्हणाले, "मॅडम, आपल्या लेकरांनी मांजरा नदी दोन्ही थड्या भरून वाहताना पाहिली न्हाई, त्यांना समुद्र कुठून दाखवायचा? मागल्या सालचं ठिबक सिंचनच रंग मारून पाठवून द्या."

गुरुजी वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांच्याबद्दल जे सांगायचं आहे ते फारसं बरं नाही. उदगीरकडचे, कपाळाला भस्म, बोलणं मऊ. श्रावणातल्या सोमवारी मठात दासोहाला, म्हणजे सगळ्यांसाठीच्या अन्नदानाच्या पंगतीला, वाढायला जायचे ते न चुकता. शाळेत मात्र आपण बरं, आपलं काम बरं, एवढंच त्यांचं धोरण. कुणाशी वाकडं नको आणि कुणाची तक्रार वर जायला नको.

ज्योत्स्ना लातूरची. शिकवणी वर्गांच्या त्या शहरात पोरं समुद्राची उत्तरं पाठ करून डॉक्टर होतात, समुद्र बघायची कुणाला सवड नसते. तिला याचीही चीड होती. चीड यायला तिला फार लागत नसे, हे खरं. पण "तुमचा काय संबंध" हे वाक्य तिनं लहानपणापासून इतक्या तोंडांतून ऐकलं होतं, कधी देवळाच्या पायरीवर, कधी वर्गाच्या पहिल्या बाकावर, की ते ऐकलं की तिचं उत्तर तयारच असायचं. देगलूर–बिलोली रस्त्यावरच्या या शाळेत बदली झाली तेव्हा तिनं ठरवून टाकलं होतं, आपल्या पोरांना हे वाक्य कुणी ऐकवता कामा नये.

"समुद्रच करणार," ती म्हणाली. "बघाच तुम्ही."

देगलूरच्या एका दुकानातून तिनं माशांची जुनी काचपेटी उचलून आणली. सातवीच्या वर्गात टेबलावर ती मांडली, कोमट पाण्यानं अर्धी भरली. मग बर्फ घालून गार केलेलं, निळी शाई टाकलेलं पाणी एका नळीनं अगदी हळू तळाशी सोडलं. गार पाणी जड, ते खालीच बसलं. वर काचेसारखं नितळ पाणी, खाली निळा थर. पोरं टेबलाभोवती गोळा झाली.

"वरचं पाणी बघा," ज्योत्स्ना म्हणाली. "वर ऊन हाय, उजेड हाय. पण खायला काय न्हाई. समुद्रात जे जे मरतं, मासे, शेवाळ, सगळं खाली बुडतं. तळाला जाऊन त्याचं खत होतं. म्हणजे उजेड वर आन् खत खाली. तुमच्या बाबांनी पिकाला ऊन दिलं न् खत घरातच ठेवलं, तर पीक येईल का?"

"न्हाई," सगळे एका सुरात.

"म्हणून चित्रात दिसतो तो निळाशार समुद्र बहुतेक ठिकाणी उपाशी असतो. देखणा, पण उपाशी. आता बघा."

तिनं पेटीच्या एका टोकाला टेबलफॅन लावला. वाऱ्यानं वरचं पाणी पलीकडं सरकायला लागलं आणि पंख्याच्या बाजूला, जिथून पाणी हटलं तिथं, तळातला निळा रंग धूर निघावा तसा वर यायला लागला. पोरांनी "ओऽऽ" केलं. ज्योत्स्नाला त्या "ओऽऽ"साठीच मास्तरकी आवडायची.

तिनं सांगितलं की खऱ्या समुद्रात वारा किनाऱ्याला धरून वाहतो, पृथ्वी फिरते म्हणून वरचं पाणी किनाऱ्यापासून बाजूला ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खोलातलं गार, खताचं पाणी वर येतं. उजेड आणि खत एकत्र आले की डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या वनस्पतींचं पाण्यात पीक येतं, ते खायला बारके मासे येतात, त्यांना खायला मोठे. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यावर असंच होतं, म्हणून तिथं तारली मासळीचे थवेच्या थवे. अशा जागा अख्ख्या समुद्रात चिमूटभर, पण जगाच्या ताटात पडणाऱ्या माशांचा मोठा वाटा तिथूनच येतो. "शास्त्रात याला अपवेलिंग म्हणतात. आपण म्हणू समुद्राचा उपसा."

उपसा हा शब्द पोरांच्या घरचा होता. विहिरीचा उपसा त्यांनी पाहिला होता. माना डोलल्या.

लुंबिनी मात्र पेटीकडं बघत गप्प उभी होती. भीमनगर वस्तीची ही पोरगी कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची. ती म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्या वरणाच्या भगुण्यासारखंच हाय."

"कसं गं?"

"वर पाणी, खाली डाळ. फकस्त आपल्या भगुण्यात वारं सुटत न्हाई. पहिल्या पंगतीला पाणी आन् शेवटच्या पंगतीला वरण."

मागच्या बाकावरची दोन-चार पोरं फिस्कन हसली. लुंबिनीच्या शेजारची पोरं हसली नाहीत. ज्योत्स्नाला ते हसणं आणि ते न हसणं दोन्ही ऐकू आलं, आणि तिनं पंखा बंद केला.

शाळेत दुपारचं जेवण म्हणजे बहुतेक दिवशी वरण-भात. वाढायच्या आधी शिक्षकांनी चव बघायची असा नियम, म्हणून रोज एक वाटी वरण शिक्षकांच्या खोलीत यायचं. दाट, पिवळंधमक, लसणाचा वास सुटलेलं. ज्योत्स्ना रोज चव घ्यायची आणि रोज म्हणायची, चांगुणाआजीच्या हाताला चव आहे. मग खोलीतच आपला डबा उघडायची. ती वाटी कुठून बुडवून भरली जाते हे बघायला ती कधी बाहेर गेली नव्हती. आता ते आठवून तिला स्वतःचाच संताप आला.

त्या दुपारी ती कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली.

पहिल्या पंगतीला भीमनगरची आणि ओढ्यापलीकडच्या मजुरांची लेकरं. हा गुरुजींचा नियम. ही पोरं लांबून चालत येतात, सकाळी घरात काही शिजलेलं नसतं, म्हणून त्यांना आधी वाढा. नियम ऐकायला किती दयाळू! गावातली पोरं घरी जाऊन आपापलं ताट घेऊन, हातपाय धुऊन येईपर्यंत शेवटच्या पंगतीची वेळ व्हायची, ती त्या पंगतीत बसायची. कुणी कुणाला "तू तिकडं बस" म्हणत नव्हतं. तसं म्हणायची गरजच उरली नव्हती.

चांगुणाआजी, लुंबिनीचीच आजी, डाव घेऊन भगुण्याजवळ उकिडवी बसली होती. डाव वरच्या वर बुडायचा आणि वरच्या वर निघायचा. पहिलीतली अंजू ताट पुढं धरून बसली होती. तिच्या भाताभोवती पिवळं पाणी पसरलं, त्यावर एक मोहरी तरंगत होती. अंजूनं भात त्या पाण्यात कालवला, ताट तोंडाला लावलं आणि प्यायली. वरण प्यायचंच असतं अशी तिची समजूत असावी.

भगुणं उतरत गेलं तसं वरण दाट होत गेलं. शेवटच्या पंगतीच्या भातावर ते ढिगासारखं बसलं. आणि सगळ्यात शेवटी एका गड्यानं स्टीलचा मोठा डबा पुढं केला. आजीनं तळ खरवडून डबा गच्च भरला. हा डबा शाळा समितीचे अध्यक्ष रविकांतराव यांच्या शेतावर जायचा. त्यांचे गडी दुपारी त्यावरच जेवायचे. लेकरांच्या तोंडची डाळ काढून हा माणूस आपल्या गड्यांची पोटं भरत होता, आणि गावात अन्नदाता म्हणून मिरवत होता! ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पोरं पांगल्यावर ती आजीजवळ जाऊन बसली. "आजी, ढवळत का न्हाई?"

"अध्यक्षसाहेबांनी सांगून ठेवलंय. ढवळायचं न्हाई, घोटायचं न्हाई. खालचं करपलेलं वर येतंय म्हणून."

"करपतं का?"

आजीनं मान वर केली. "माझ्या हातचं? आजवर कधी करपलं न्हाई."

"मग?"

"मग काय मग, बाई." आजी भगुणं घासायला लागली. "घोटलं की सगळं एकसारखं होतंय. मग डबा कशाचा भरणार? पलीकडच्या गावात आपल्या बाईनं रांधलेलं चालणार न्हाई म्हणून लोकांनी केवढी तकरार केली, तुमाला ठावं असंल. हितं रविकांतरावांनी मला ठेवून घेतलं. आन् ते रोज मला तेची याद देत्यात. माझ्याच नातीच्या ताटात पाणी वाढताना मला काय गोड वाटतंय का?"

ज्योत्स्ना तशीच उठली आणि गुरुजींच्या खोलीत गेली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "मॅडम, खामखा कशाला वाढवता? जेवण मिळतंय ना सगळ्यांना? रविकांतरावांशी वाकडं घेतलं तर उद्या तुमची बदली किनवटला. आन् त्या बाईचं काम जाईल ते निराळंच."

"गुरुजी, एक विचारू? मठात दासोहाला तुम्ही वाढता. भगुण्यात डाव कसा घालता?"

गुरुजी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"मी सांगते. तळापासून ढवळल्याशिवाय तिथं कुणी डाव उचलत न्हाई. मी उदगीरला जेवलेय दासोहात. माझ्या शेजारी कोण बसलंय न् मी कोण, कुणी विचारलं न्हाई. माझ्या ताटातलं वरण न् शेजारच्याच्या ताटातलं वरण एकच होतं. ते तुमचं पुण्य. आन् हितं तुमच्या दारात पहिलीतली पोरगी पिवळं पाणी पिऊन राहिलीय, त्याचं काय? सोमवारी एक आन् मंगळवारी दुसरं, असा देव हाय का तुमचा?"

बोलताना तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो खाली आणला नाही. गुरुजींचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता हा माणूस आपली लेखी तक्रार करणार.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा गुरुजी स्वतः बाहेर आले. भगुण्याजवळ उभं राहून हळूच म्हणाले, "चांगुणाबाई, डाळ घोटून घ्या. आन् दर पंगतीला तळापासून ढवळा. मी सांगतोय."

आजीनं घोटणी घातली. डाळ आणि पाणी एक झालं. आठवडाभर पहिल्या पंगतीला वरण मिळालं. रविकांतरावांच्या डब्यात उरलंसुरलं जात होतं. त्यांनी एकदा निरोप धाडला की हल्ली वरण सैल होतंय, लक्ष द्या. गुरुजींनी तो निरोप गिळून टाकला. ज्योत्स्नाला वाटलं, झालं. एवढंच तर होतं. नुसतं ढवळायचं होतं!

मग प्रदर्शन आलं.

देगलूरच्या सभागृहात लुंबिनीनं काचपेटी मांडली, पंखा लावला आणि निळं पाणी वर आणून दाखवलं. न अडखळता तिनं वारा, किनारा, खत, उजेड, तारली सगळं सांगितलं. परीक्षकांनी ऐकलं. त्यातल्या एकानं मान तिरकी करून तोच प्रश्न विचारला. "छान. पण बाळ, मराठवाड्याचा आणि समुद्राचा संबंध काय?"

लुंबिनीनं ज्योत्स्नाकडं पाहिलं. ज्योत्स्नानं तिला थांबवलं नाही.

"सर, आमच्या शाळेत वरण ढवळत नव्हते," लुंबिनी म्हणाली. "म्हणून पहिल्या पंगतीला पाणी मिळायचं आन् डाळ खाली राहायची. ती डब्यातून अध्यक्षांच्या शेतावर जायची. आता ढवळतात. तर आमच्या पंगतीत पण डाळ येती. समुद्राचं बी तसंच हाय."

परीक्षक हसले. निरागस पोरगी, असं हसले. पण पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून फेटा बांधून बसलेले रविकांतराव हसले नाहीत. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. लुंबिनीला बक्षीस मिळालं नाही. शेरा मिळाला, की प्रतिकृती उत्तम, मात्र विषयाचा स्थानिक संदर्भ दिसत नाही. ज्योत्स्नानं तो शेरा वाचला आणि तिला हसावं की ती पेटी कुणाच्या डोक्यात घालावी हे कळेना.

दुसऱ्या दिवसापासून वरण पातळ झालं.

पहिल्या पंगतीचं पातळ, मधल्या पंगतीचं पातळ, शेवटच्या पंगतीचंही पातळ. आजी ढवळत होती, घोटत होती. डाव तळाला लागून नुसता खणखणत होता. वर काही येत नव्हतं, कारण खाली काही नव्हतंच.

"डाळच तेवढी दिली," आजी म्हणाली. शाळेच्या खोलीत उंदीर आहेत म्हणून डाळ-तांदळाची पोती रविकांतरावांच्या गोदामात ठेवलेली. आजी सकाळी टोपलं घेऊन जायची, देतील तेवढं आणायची. आता टोपल्याचा तळ जेमतेम झाकेल इतकी डाळ पडत होती. तळातली डाळ घेता येत नाही ना? मग तळाला जायच्या आधीच घ्या! ज्योत्स्ना रविकांतरावांना फोनवर तसंच बोलली. तिकडून शांतपणे उत्तर आलं, "वरूनच कमी आली मॅडम. आमी काय करावं?"

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दोन दिवस तेच चाललं. अंजू परत ताट तोंडाला लावून प्यायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी गाव शाळेत आलं.

फाटकातून आधी बायका आल्या. सगळ्यांत पुढं रुद्राणी, बाजारातल्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. तिची अक्षरा पाचवीत, शेवटच्या पंगतीला बसणारी. रुद्राणीच्या हातात अक्षराचं ताट होतं, त्यात कालचं पिवळं पाणी तसंच आणलेलं. "हे वरण हाय का?" तिनं ते ताट गुरुजींच्या टेबलावर आपटलं. "आमच्या लेकरांच्या ताटात पाणी? सरकार डाळ देतंय आन् तुमी पाणी पाजताय? इज्जत हाय का न्हाई तुमाला?"

मागून बाप्ये आले. सगळे एकाच वेळी बोलत होते. रविकांतराव आधीच येऊन व्हरांड्यात उभे होते, जणू गावालाही त्यांनीच बोलावलेलं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि बोट रोखलं ते चुलीकडं.

"मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "पदराखाली डाळ जाती. मी दया करून ठेवलं, तर हे फळ. आजपासून दुसरी बाई बघू."

चांगुणाआजी हातात डाव घेऊन उभी होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिच्या हातचं खाल्लंच कशाला, हाच सवाल हाय." दोन-तीन माना हलल्या. बघा, किती सहज हलल्या त्या माना! इतके दिवस त्यांचीच लेकरं तिनं रांधलेलं गपगार खात होती आणि आज एका बोटाच्या इशाऱ्यावर त्या मानांना तिचा हात आठवला. लुंबिनी आजीला बिलगली होती.

ज्योत्स्ना व्हरांड्याच्या पायरीवर चढली. "थांबा. एकच सांगा. डाळीच्या कोठीची किल्ली कुणाकडं हाय?"

रविकांतरावांचं रोखलेलं बोट खाली आलं.

"आजी डाळ चोरत्यात म्हणता. चोरायला कोठी उघडावी लागते. किल्ली कुणाकडं हाय? गुरुजी, तुम्ही सांगा."

सगळं गाव गुरुजींकडं बघायला लागलं. गुरुजींनी नेहमीसारखी नजर खाली घातली, आणि ज्योत्स्नाला वाटलं, संपलं. मग गुरुजींनी गळ्यातल्या चौकाला, शर्टाच्या आत लपलेल्या इष्टलिंगाच्या त्या चांदीच्या डबीला, हात लावला.

"किल्ली रविकांतरावांकडं हाय," ते म्हणाले. आवाज मऊच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कोठी त्यांच्या गोदामात. बाई टोपलं घेऊन जाती, ते देतील तेवढं आणती. आन् रोज एक डबा शेतावर जात होता. मला माहीत होतं. मी बोललो न्हाई, ही माझी चूक. पण या बाईनं डाळीचा दाणा नेला न्हाई."

रविकांतराव काही बोलायला गेले. रुद्राणीनं त्यांना बोलू दिलं नाही. ती दुकानदारीण होती, भरलं पोतं आणि रिकामं पोतं यातला फरक तिला कुणी शिकवायला नको होता. "गोदाम उघडा," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

आणि बायका निघाल्या. गोदामात शाळेच्या डाळीची पोती तोंड शिवलेली, थप्पी लावून उभी होती. रविकांतराव उंदरांबद्दल काहीतरी सांगत होते. रुद्राणीनं किल्ली त्यांच्या हातातून काढून घेऊन कमरेला खोचली. बायकांनी पोती हातगाडीवर घालून शाळेत आणली आणि दहा वाजता चुलीवर भगुणं चढलं. गावातल्या बायका तिथंच ठाण मांडून बसल्या, आज डाळ शिजताना बघूनच जायचं म्हणून.

सगळे खूश होते. रुद्राणी ज्योत्स्नाजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं झालं बघा. आमच्या लेकरांच्या ताटात पाणी! ऐकून जीव कसा तुटला माझा."

ज्योत्स्नाला गप्प बसता आलं असतं. काम झालं होतं, आजीचं काम राहिलं होतं, डाळ परत आली होती. शहाणी बाई गप्प बसली असती.

"तीन दिवस," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमच्या अक्षराच्या ताटात तीन दिवस पाणी पडलं आन् अख्खं गाव उठून आलं. पहिल्या पंगतीच्या ताटात मी हितं यायच्या आधीपासून पाणी पडत होतं ताई. तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"आमाला काय ठावं..."

"तुमची लेकरं त्याच अंगणात जेवत होती. दाट वरण खाऊन घरी येत होती. एकानं सांगितलं नसंल, पहिल्या पंगतीला पाणी मिळतंय म्हणून? का सांगितलं आन् तुम्ही ऐकलं न्हाई?"

रुद्राणीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती चुलीजवळ जाऊन बसली.

दुपारी घंटा झाली. पहिली पंगत बसली, भीमनगरची आणि ओढ्यापलीकडची लेकरं, नेहमीसारखी. चांगुणाआजीनं भगुण्यात डाव खाली तळापर्यंत घातला, गरगरा फिरवला आणि भरून वर काढला. अंजूच्या भातावर वरण पडलं. दाट, पिवळं, पसरलंच नाही. भातावर बसून राहिलं.

अंजूनं ताटाकडं पाहिलं. इकडं तिकडं पाहिलं. मग ती उठली, दोन्ही हातांनी ताट सांभाळत, एक थेंब न सांडता चुलीपाशी आली आणि ताट आजीपुढं धरलं.

"आजे," ती म्हणाली, "हे माझं न्हाई. हे मागच्या पंगतीचं हाय."

आजीचा डाव हातातच राहिला. चुलीजवळ बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. रुद्राणीनंही ऐकलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि मान फिरवली. गुरुजी व्हरांड्यात उभे होते, ते आत निघून गेले.

ज्योत्स्नानं अंजूला धरून परत तिच्या जागेवर नेलं आणि तिच्याशेजारी खाली मांडी घातली. "तुझंच हाय," ती म्हणाली. "खा."

अंजूनं आधी एक बोट बुडवून चाटलं. मग घास केला. तो पातळ नव्हता, हातातून गळत नव्हता, हे तिला नवीन होतं, म्हणून तिला वेळ लागला. ज्योत्स्ना तिचं ताट रिकामं होईपर्यंत तिथंच बसून राहिली. तिचा राग उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.